बर्कच्या पुड्या

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

नोकरी लागली. तिला नोकरी म्हणायचं की नाही हे घरात अजून ठरलेलं नाही. शैलेंद्र म्हणतो टाइमपास. शुभ्रा म्हणते, "आई, इट्स अ गिग." मी डिसेंबरअखेरपर्यंत करणार आहे, मग खलास. तोवर कुठल्यातरी लॅबकडून बोलावणं येईलच.

फूड लॅबमध्ये अकरा वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं. जूनमध्ये दोन लॅब एकत्र झाल्या आणि आमच्यातले सात जण जास्तीचे ठरले. चार महिने आखातातल्या या शहरात, मनखूलच्या फ्लॅटमध्ये बसून मी डाळींच्या डब्यांवर तारखा टाकल्या. शेवटी मुग्धानेच (ती अजून लॅबमध्ये आहे) सांगितलं की रास अल खोर भागात एका चिनी डॉक्टरीणबाईंचा जनावरांचा दवाखाना आहे. त्या चिनी वनस्पतींची औषधं देतात आणि त्यांना वजनमाप करणारं, नोंदी ठेवणारं माणूस हवंय.

मुलाखत दहा मिनिटांत संपली. डॉ. त्यान पंचावन्नच्या आसपास असतील. केस बारीक कापलेले, हसणं जवळजवळ नाहीच. त्यांनी माझ्यापुढे तराजू ठेवला आणि कसल्याशा भुकटीचे तीन-तीन ग्रॅमचे दहा भाग करायला सांगितले. मी केले. त्यांनी प्रत्येक भाग परत मोजला. मग म्हणाल्या, मंगळवारी या.

मला कुत्र्यांची भीती वाटते हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दवाखान्याच्या एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला एसीच्या डक्टचं गोदाम. आत मात्र शांत. मागच्या खोलीत एक भिंतभर कपाट आहे, शहाण्णव खणांचं. प्रत्येक खणावर चिनी अक्षरं. मी एकेक खण उघडून हुंगत गेले. दालचिनी ओळखली, ज्येष्ठमध ओळखलं, सुंठ ओळखली. बाकीचे त्र्याण्णव खण परके.

डॉक्टरीणबाई आधी चारचौघांसारखंच तपासतात: रक्त, एक्स-रे, लागलं तर अँटिबायोटिक. मग प्राण्याची जीभ बघतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी. आज एका मांजराच्या कागदावर लिहिलं, 'जीभ फिकट, ओली'. ते वाचून मी केमिस्ट म्हणून मनातल्या मनात डोक्याला हात लावला.

मी धीर करून विचारलं की याला पुरावा काय. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, काहींवर अभ्यास झालेत, काहींना नुसता पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, काहींना काहीच नाही. तू लिहीत जा, कोणता प्राणी, किती दिलं, काय झालं. मग बघू.

हे मला आवडलं. पण मी पुड्या बांधत असताना त्या मागे येऊन उभ्या राहतात. तीनदा आल्या. विश्वास नाही, दुसरं काय.

घरी आल्यावर शुभ्रा दोन पावलं मागे सरकली. "डोन्ट हग मी, यू स्मेल लाइक सूप."

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज बर्क आला. बर्क म्हणजे वीज. जातीने सलुकी, इकडच्या अरबांचा शिकारी कुत्रा. काटकुळा, लांब तोंडाचा, कानांना रेशमी झालर. वय बारा. मागचे पाय इतके आखडलेत की वीज आता एका पायरीपाशी अडते.

त्याला घेऊन आल्या मरियमबी. मूळच्या दापोलीकडच्या, वय अडुसष्ट, सदतीस वर्षं उम्म अल कुवैनला एकाच अरब कुटुंबात. त्या घरची चार मुलं त्यांनी वाढवली. थोरले अरबाब, म्हणजे मालक, वारले तेव्हा त्यांचा कुत्रा मरियमबींकडे राहिला. त्या चारांतला धाकटा, उमर, त्यांना गाडीतून घेऊन आला होता. तिशीचा उंचापुरा माणूस, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, पण मरियमबींनी एकदा बघितलं की गप्प बसतो.

माझं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी माझा हात धरला. "आपली हायस तू. मग नीट सांग गो, ह्या चिनी बाईला काय कळतं काय?"

मी म्हटलं, मला येऊन आठ दिवस झालेत, पण वजन मी नीट करते.

बर्कच्या रक्तात फारसं काही निघालं नाही. सांधे झिजलेत. डॉक्टरीणबाईंनी पंधरा वनस्पतींचा एक जुना योग लिहून दिला. त्यात दालचिनी आहे, ज्येष्ठमध आहे, तुतीच्या झाडावर वाढणारं बांडगूळ आहे. सूज उतरावी म्हणून फांग-जी नावाचं एक मूळ वेगळं घातलं. तीन ग्रॅमची पुडी, दिवसातून दोनदा, भाताबरोबर.

मरियमबींनी बरीच चौकशी केली. हे माणसाच्या पोटात गेलं तर? मी हसून म्हटलं की काही होत नाही, चीनमध्ये माणसंही घेतात की. बिचाऱ्यांना भीती वाटत असावी की हात न धुता जेवल्या तर काय. निघताना बाकावरून उठायला त्यांना उमरचा हात लागला, बर्कला पट्ट्याचा आधार. दोघं सारख्याच चालीने गाडीपर्यंत गेली.

बर्कने जाता जाता माझ्या चपलेवर नाक टेकवलं. मी ओरडले नाही. प्रगती आहे.

३० ऑक्टोबर, बुधवार

उद्या लक्ष्मीपूजन. चकल्या नरम पडल्यात, पण ते जाऊ दे.

बर्क एक पायरी चढला. मी नोंद केली: 'चौदावा दिवस. एक पायरी, आधाराशिवाय.' डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि 'आधाराशिवाय'खाली रेघ ओढली.

मरियमबी म्हणाल्या, पुडी फार कडू आहे, पण मधात कालवली की जाते. कुत्र्याला द्यायच्या आधी स्वतः चाखून बघणारी माणसं किती असतील? मी घरी येऊन शैलेंद्रला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू मला चहा द्यायच्या आधीसुद्धा चाखत नाहीस."

७ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट दिवस. बर्कच्या पुड्या पाच दिवस आधी संपल्या. मरियमबींनी फोनवर सांगितलं, वर म्हणाल्या की तू कमी बांधल्या असशील, होतं असं. मी अठ्ठावीस बांधल्या होत्या. रजिस्टरमध्ये अठ्ठावीस आहे. पण मग गेल्या कुठे? मी आयुष्यात कधी मोजणीत चुकलेले नाही, आणि चुकले ते नेमकी इथे.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी एक भुवई वर केली आणि उमरबरोबर चाळीस पुड्या द्यायला सांगितल्या. मी प्रत्येक पुडीवर नंबर घातला. एक ते चाळीस. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. डिसेंबरपर्यंतही ठेवतील असं वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बर्क गाडीतून स्वतः उतरला. त्याच्यामागून मरियमबी उतरल्या, त्याही स्वतःच. दारातल्या तीन पायऱ्या उमरचा हात न धरता चढल्या. हवा छान झाली आहे, माणसांनाही हुरूप येतो.

त्यांनी एक हिशेब विचारला. उमरच्या कोण्या मित्राकडे मोठा कुत्रा आहे, सत्तर किलोचा, त्याचेही पाय दुखतात. त्याला किती लागेल? मला असले हिशेब आवडतात. बर्क चोवीस किलोचा, त्याला तीन ग्रॅम, म्हणजे सत्तरला पावणेनऊ. मी कागदावर त्रैराशिक मांडून दाखवलं. साधारण तीन पुड्या. पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, हेही बजावलं. त्या म्हणाल्या, हो गो, दाखवते की.

आज बर्क माझ्या पायावर झोपला. पाऊण तास मी हललेच नाही. पायाला मुंग्या आल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शुभ्राला एकशे तीन ताप. तीन दिवस सुट्टी घेतली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर फक्त "ओके" म्हटलं. संध्याकाळी दवाखान्याचा ड्रायव्हर डबा देऊन गेला, तांदळाची पेज आणि आल्याचे काप. मी समजले की मला लवकर परत बोलवायची ही पद्धत आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नीट लिहायला हवं, म्हणजे माझं मलाच कळेल.

मी नसताना फांग-जीचं जुनं पोतं संपलं आणि डॉक्टरीणबाईंनी नवं उघडलं. बर्कच्या महिन्याभराच्या साठ पुड्या त्यांनी मंगळवारी स्वतः बांधल्या. उमर त्याच दिवशी घेऊन गेला.

प्रत्येक नव्या मालातला थोडा मी एका बाटलीत बाजूला ठेवते. मला कोणी सांगितलेलं नाही, लॅबची सवय आहे. आज नव्या पोत्यातल्या चकत्या बाटलीत भरल्या आणि जुन्या बाटलीशेजारी ठेवल्या. दोन्ही एक नाहीत. जुनी पांढुरकी, बोटाने मोडली की खडूसारखी पूड पडते. नवी पिवळट करडी, टणक, मोडली की धागे निघतात.

कपाटाशेजारच्या जाड पुस्तकात शोधलं, मग नेटवर. या नावाने दोन वेगळ्या वेलींची मुळं विकली गेलेली आहेत. एक औषधी. दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि कॅन्सरही करतं. पुष्कळ देशांत त्यावर बंदी आहे.

मी दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी नवी चकती घेतली, फिरवली, हुंगली, मोडली. मग म्हणाल्या, "वेई एकोणीस वर्षं मला माल पाठवतो. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा."

मी म्हटलं, कदाचित दुसऱ्या प्रांतातलं पीक असेल. मी वनस्पतितज्ज्ञ नाही.

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. फोनवर त्यांचा आवाज चढला. मला चिनी येत नाही, पण माझं नाव तीनदा ऐकू आलं. सु-ने-ते-ला. म्हणजे माझ्यावरच घसरल्या. एकोणीस वर्षांचा मित्र आणि दीड महिन्याची बाई, कोणाचं ऐकणार?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी त्यांनी पोतं कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. काही गहाळ झालं तर जबाबदार मी, असा अर्थ असावा.

मुग्धाला नमुना नेऊन दिला. ती म्हणाली, मशीन रिकामं नाही, मंगळवारी सांगते. मी म्हटलं, मुग्धा, कुणाच्या तरी मूत्रपिंडाचा प्रश्न आहे. तिने विचारलं, कोणाच्या? मी म्हटलं, बर्कच्या. ती म्हणाली, "मंगळवारी सकाळी, इन्शाल्ला."

नव्या पोत्यातलं अजून फक्त बर्कलाच गेलंय. मरियमबींचा फोन काल दुपारपासून बंद. उमरला बारा मेसेज केले, एकावरही दुसरी टिक नाही. डॉक्टरीणबाईही लावतायत. उद्या सकाळी त्यांच्याकडे एका कुत्रीचं मोठं ऑपरेशन आहे, हलता येणार नाही. मी म्हटलं, मी जाते. खरं तर रिपोर्ट यायच्या आधी औषध परत मागायला जाणं म्हणजे त्यांच्या दवाखान्याचं नाव घालवणं. पण त्यांनी फक्त घराचा पत्ता लिहून दिला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शैलेंद्र म्हणाला, मी चालवतो, तू आज गाडी चालवायच्या लायकीची नाहीस. थ्री-इलेव्हन हायवेवरून तासाभरात पोचलो. वाटेत मी एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हांनी घोकत होते: मरियमबी, पुड्या परत द्या.

समुद्राच्या खाडीपासून दोन गल्ल्या आत ते मोठं घर. मागच्या बाजूला मरियमबींच्या दोन खोल्या आणि एक बदामाचं झाड. झाडाखाली बर्क पसरला होता. मला बघून उठला. उठला म्हणजे खरंच उठला, आणि येऊन माझ्या हातात डोकं घातलं.

मरियमबी आतून आल्या. फोन आमटीच्या पातेल्यात पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवलाय. उमर मित्रांबरोबर वाळवंटात तंबू ठोकून बसलाय, तिथे रेंज नाही. मी नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवले आणि विचारलं, "या मंगळवारच्या पुड्या बर्कला किती दिल्यात?"

"एकही नाही गो," त्या म्हणाल्या. "हुंगतो नि तोंड फिरवतो. चार दिवस नुसता दूधभात खातोय. तुला कसं सांगायचं म्हणून गप्प राहिले."

शैलेंद्रने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, बरं झालं, मग साठच्या साठ परत द्या. त्यांनी डबा आणून दिला. सवयीने मी मोजल्या. अठ्ठेचाळीस. परत मोजल्या. अठ्ठेचाळीसच.

"मरियमबी, बारा कुठे गेल्या?"

त्या बदामाच्या झाडाकडे बघायला लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "कुत्र्याला उठता येतंय गो. मग माझ्या ढोपरांनी काय पाप केलंय?"

रोज तीन पुड्या. मधातून. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सत्तर किलोचा कुत्रा कुठेच नव्हता. त्रैराशिक मी मांडून दिलं होतं, कागदावर, अधोरेखित करून. आणि 'चीनमध्ये माणसंही घेतात की' हेही मीच म्हटलं होतं.

मग सगळं धडाधड समोर आलं. मध, पाच दिवस आधी संपलेल्या पुड्या, दारातल्या तीन पायऱ्या. इतके दिवस माझ्याच अक्षरात या वहीत लिहून ठेवलंय, आणि मी वाचलं नव्हतं.

मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं. मूळ बदललं असावं, अजून खात्री नाही, पण जर तेच असेल तर मूत्रपिंडाला धोका आहे. माझ्यामुळे झालंय, चला हॉस्पिटलमध्ये. त्यांचा चेहरा उतरला. मग बुरखा घेतला आणि म्हणाल्या, "बर्कला कोण बघेल?"

बर्क गाडीत मागे बसला, माझ्या आणि त्यांच्या मधे. शैलेंद्रला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी आहे, निदान बावीस वर्षं मला असंच सांगत आलाय. आज एकदाही शिंकला नाही.

हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या मुलीने हिंदीत विचारलं, कौन सी दवा ली है? मरियमबींनी मान ताठ ठेवून सांगितलं, "कुत्ते की." तिने की-बोर्डवरची बोटं उचलली. मग विचारलं, किसने दी? मी हात वर केला.

डॉक्टर तरुण होते, इजिप्तचे असावेत. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं, हसले नाहीत. रक्त, लघवी तपासली. दोन तास थांबलो. सगळं ठीक आलं. म्हणाले, चार दिवसांचंच आहे, बहुधा निभावलं, पण सहा महिने दर महिन्याला तपासायचं, आणि पुन्हा एक कणही नाही. मग मरियमबींना विचारलं की गुडघे इतके दुखतात तर आजवर कुणाला दाखवलं का नाही. त्या म्हणाल्या, मुलांचं करता करता राहिलं.

येताना मी गाडीत रडले. मरियमबी माझ्याच पाठीवर थोपटत होत्या. "तू आलीस ना गो. फोन करून नाय बसलीस."

२४ नोव्हेंबर, रविवार

काल संध्याकाळीच डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. 'मी तिला हिशेब करून दिला' हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुड्या मी बांधल्या." आणि फोन ठेवला.

आज त्या एकट्याच उम्म अल कुवैनला गेल्या. हे मला मरियमबींकडून कळलं, फोन तांदळातून उठून बसल्यावर. म्हणाल्या, चिनी बाई आली, चटईवर बसली, दोन्ही हात जोडून माफी मागितली, बर्कचं रक्त घेतलं. मग मी तिला कोलंबीचा भात वाढला. दोनदा घेतला. तुझ्याबद्दल पुष्कळ बोलत होती.

काय बोलत होती ते विचारायचा धीर झाला नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मुग्धाचा फोन साडेनऊला. तेच आहे. शंका नाही.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून बसल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूही बस." बर्कचं रक्त चांगलं आलं होतं, ते आधी सांगितलं. मग वेईला फोन लावला. या वेळी दार उघडंच होतं. आवाज चढला नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी सांगितलं की वेईने गुरुवारीच विक्री थांबवली होती. त्याने स्वतः न तपासता दुसऱ्याकडून माल उचलला होता. तो आता रडतोय. आमच्याशिवाय ज्या चार दवाखान्यांना तो माल गेला त्या सगळ्यांना त्याने कळवलंय, एकानेही वापरलेलं नाही.

मी विचारलं, रिपोर्ट नसताना गुरुवारीच कसं थांबवलं?

त्या म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, सुनेत्रा म्हणते आहे. तो म्हणाला, ती कोण? मी म्हटलं, ती कोण ते नंतर. आधी थांबव."

त्यांनी उठून माझ्यासाठी करक चहा मागवला.

दुपारी मंत्रालयाला कळवायचं पत्र लिहिलं. मजकूर माझा, सही त्यांची. शहाण्णव खणांमधला सगळा माल त्यांनी वापरातून काढलाय, एकेक तपासून होईपर्यंत. तपासायची यादी मी करायची.

३ डिसेंबर, मंगळवार

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. यादी पुढे नेली. शहाण्णवातले एकतीस खण झाले.

११ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी पासपोर्टची कॉपी आणि फोटो मागितला. हिशेब मिटवायला लागत असेल, डिसेंबरअखेर जवळ आलीच आहे. शैलेंद्रला सांगितलं तर तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, "पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो दे." वर्तमानपत्र मात्र हलत होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

शारजाच्या एका लॅबने मुलाखतीला बोलावलं. ज्याची सहा महिने वाट बघितली तेच. चांगली झाली. त्यांनी विचारलं, सध्या काय करता? मी सांगायला लागले. जुनं मूळ, नवं मूळ, एका नावामागची दोन झाडं, बर्क. बाहेर आले तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. त्यांच्या लॅबबद्दल मी काहीच विचारलं नाही हे पार्किंगमध्ये लक्षात आलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

पासपोर्ट व्हिसासाठी मागितला होता. दोन वर्षांचा. कागदावर पद लिहिलंय: क्वालिटी इन्चार्ज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शैलेंद्रला विचारूनच अर्ज भरला, कारण तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस की मी डिसेंबरअखेरपर्यंतच आहे.

मी सही केली. मग खोटं कशाला लिहा, बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं हसत बसले.

शारजाला ईमेल केला. शुभ्राने इंग्रजी तपासलं आणि म्हणाली, "आई, यू साउंड टू हॅपी फॉर अ रिजेक्शन लेटर."

१२ जानेवारी २०२५, रविवार

मरियमबींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. शैलेंद्र, शुभ्रा, डॉक्टरीणबाई, मी. उमरने मासे आणले. मरियमबींचा दुसरा रिपोर्टही चांगला आला. हॉस्पिटलने गुडघ्यांना फिजिओथेरपी लावून दिली आहे, आठवड्यातून दोनदा, आणि रोज चालायला सांगितलंय. त्या सकाळ-संध्याकाळ बर्कला घेऊन खाडीवर जातात. कोण कोणाला नेतं ते माहीत नाही.

बर्कला सात आठवडे पुड्या नव्हत्या, फक्त साधं दुखण्याचं औषध. मधे थोडा आखडला, परत सुधारला. तपासलेला नवा माल गेल्या आठवड्यात आला, त्यातल्या पुड्या सोमवारपासून सुरू केल्यात. डॉक्टरीणबाईंना त्याची केस लिहून ठेवायची आहे. मी रजिस्टर नेलं होतं. शेवटच्या रकान्यात 'सुधारणेचं कारण' असं आहे. त्यांनी मला विचारलं, काय लिहायचं? मी म्हटलं, पुड्या असतील, औषध असेल, चालणं असेल, थंडी असेल. मला सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, मग तसंच लिही. मी तसंच लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली.

जेवणानंतर सगळे किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, ओली वाळू लांबवर पसरलेली. बर्क मरियमबींच्या बाजूने हळूहळू चालत होता. पुढे बगळ्यांचा एक थवा बसला होता. बर्क थांबला. मान लांब केली, कान मागे गेले. पट्टा मरियमबींच्या हातातून सुटला आणि तो धावला.

बारा वर्षांचा, झिजलेल्या सांध्यांचा कुत्रा. धाव वाकडी होती, मागचे पाय एकत्र पडत होते, पण धाव होती. उमर कंदुरा वर धरून उभाच राहिला. मी आपोआप पावलं मोजायला लागले. अठरापर्यंत मोजली आणि मग मोजायचं राहिलं, कारण मरियमबी त्याच्यामागे निघाल्या होत्या. चालत नव्हे. बुरख्याची दोन्ही टोकं मुठीत धरून, चपला वाळूत टाकून, "बर्क, अरे बर्क" करत, अडुसष्ट वर्षांची बाई ओल्या वाळूवरून पळत होती. डॉक्टरीणबाई मोठ्याने हसायला लागल्या. मी त्यांना तीन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं. दात पुढचे थोडे फटीचे आहेत.

बगळे उडून गेले. बर्क पाण्याच्या कडेला जाऊन बसला, जीभ बाहेर. मरियमबी त्याच्यापर्यंत पोचल्या आणि धपकन त्याच्याशेजारी बसल्या. आम्ही सगळे धावत गेलो. त्या धापा टाकत होत्या, चेहरा लालबुंद, पाय लांब पसरलेले. पट्टा परत मुठीत. मी विचारलं, दुखतंय का?

त्यांनी माझ्या काखेतल्या रजिस्टरकडे बघितलं.

"बर्कचं काय ते लिही," त्या म्हणाल्या. "माझं तिथे काय लिहू नको हां."

रजिस्टरमध्ये नाही लिहिलं. इथे लिहिते आहे: मरियमबी, साधारण चाळीस पावलं, आधाराशिवाय.